उलट्या पिळाची तार

मारबतीच्या दिवशी जुनी शुक्रवारी मोहल्ल्यातली सगळी दारं उघडी असायची. रुपराव मिस्त्रीचं तेवढं बंद.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून मारबत आणि तिचे बडगे निघायचे. बांबूच्या कामट्यांचे, रद्दी कागदाचे, फाटक्या सदऱ्यांचे पुतळे, गावाची पीडा सोबत नेऊन वेशीबाहेर जळणारे. ताशा कडकडायचा आणि वर्षभरात जे नकोसं झालं त्याचं नाव घेऊन लोक ओरडायचे. खोकला घेऊन जा गे मारबत. रॉकेलची लाइन घेऊन जा गे मारबत. पोरं हसायची, बायका हसायच्या. मिरवणूक रुपरावच्या दारासमोर आली की मात्र ताशेवाला हात आवरायचा, कारण गर्दीतून गोपिकाबाई पुढं यायची. डोक्यावर पदर, हातात काही नाही. बंद दाराकडं बघून ती ओरडायची.

"खोटी सही घेऊन जा गे मारबत!"

एकदाच. मग ताशा पुन्हा सुरू व्हायचा.

आत रुपराव खाटेच्या कडेवर बसलेला असायचा आणि त्याची बायको प्रेमिला शिजून गेलेली डाळ उगाच ढवळत असायची. दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत. अशी अकरा वर्षं गेली.

सही रुपरावचीच होती. सदुसष्ट साली तो एका सरकारी खात्याच्या मोटार वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता, आणि गोपिकाबाईचा नवरा ताराचंद त्याच खात्यात जीपवर ड्रायव्हर. दोघं एका गल्लीतले, एकाच सायकलवर कामावर जाणारे. ताराचंदला पानसुपारीची पिशवी लटकवायला जागा हवी होती, म्हणून रुपरावनं एक मोठा खिळा वाकवून त्याच्या जीपच्या डॅशबोर्डला आकडा करून झाळला होता. साहेब लोक विचारायचे, हा आकडा कशाचा? ताराचंद सांगायचा, कंपनीतून असाच आला.

डांबरी रस्त्यावर जीप मागच्या दोन चाकांवर चालते. चिखल लागला की बाजूचा छोटा लिव्हर टाकायचा, मग पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो आणि गाडी चारी पायांनी निघते. त्या आखाडात ताराचंदची जीप दोन साहेबांना घेऊन भिवापूरकडं मोजणीला जायची होती. तिकडची काळी माती ओली झाली की बैलालाही सोडत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी फोरमन गणपतरावनं रुपरावला हाक मारली.

"रुपराव, लिव्हर टाक, शाफ्ट फिरते का पाह्य, आन सही मार. गाडी सकाळी पाह्यजे."

रुपरावनं लिव्हर टाकला. गाडीखाली वाकून बघितलं, पुढच्या चाकांकडं जाणारा लांब शाफ्ट फिरत होता. त्यानं वहीत लिहिलं, 'फोर व्हील बरोबर', आणि सही केली. वर्कशॉपमध्ये सगळे अशीच तपासणी करायचे.

दुसऱ्या दिवशी उमरेडच्या पुढं एका नाल्यात जीप फसली. साहेब उतरून काठावर गेले. पाणी चढत होतं तरी ताराचंद गाडीत बसून राहिला, कारण गाडी सरकारी होती. साहेबांनी नंतर सांगितलं, त्यानं चार वेळा लिव्हर टाकला, मागची चाकं चिखल उडवत होती, पुढची हलली सुद्धा नाहीत. मग वरून लोंढा आला. ताराचंद दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडला.

चौकशीत गणपतरावनं फार काही सांगितलं नाही. वही साहेबांपुढं सरकवली आणि बोट ठेवलं. जीप नाल्यातून काढून आणल्यावर तपासली तीही त्यानंच, आणि अहवाल दिला की लिव्हरखालचा, गिअर सरकवणारा काटा ढिला होता, मिस्त्रीचा हलगर्जीपणा. रुपरावला वर्कशॉपच्या फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. "मले एकदा गाडीखाली जाऊ द्या," एवढंच तो म्हणत होता. आठ दिवसांत नोकरी गेली.

काटा ढिला नव्हता, हे रुपरावला ठाऊक होतं. लिव्हर त्याच्या हातात खटकन बसला होता. मग काय झालं होतं, हे मात्र त्याला कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या त्या गोष्टीभोवती त्याचा राग अकरा वर्षं फिरत राहिला. उमरेड रोडवर त्यानं टिनाची शेड टाकली आणि गॅरेज सुरू केलं. जीपच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण काम करताना त्याच्या डोक्यात गणपतराव असायचा. जॅकवर गाडी चढवली की वाटायचं, हिच्याखाली तो निजलेला असता तर. गणपतराव निवृत्त झाला तेव्हा हारतुऱ्यांसह त्याची मिरवणूक गल्लीतूनच गेली. पुढं तो मोहल्ल्याचा मोठा माणूस झाला. मारबतीच्या दिवशी चौकात बडग्यांपुढं पहिला नारळ तोच फोडायचा, आणि पहिला तुकडा विधवा गोपिकाबाईच्या हातावर ठेवायचा. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा.

रुपराव हे सगळं बंद दारामागून ऐकायचा.

अठ्ठ्याहत्तर साली पोळ्याला बारा-तेरा दिवस होते, तेव्हा भिवापूरचा देवराव नावाचा मिरचीवाला शेतकरी जीप घेऊन शेडमध्ये आला. हिरवा रंग मारलेली, मडगार्डला ठिगळं असलेली जुनी जीप.

"मिस्त्री, हिची फोर व्हील लागत नाही," तो म्हणाला. "लिलावात घेतली तवापासून अशीच आहे. वावराच्या रस्त्यात फसली का बैलजोडी आनाव लागते. लोक हासतात, म्हनतात, देवरावची जीप बैलं लावल्याबिगर चालत नाही."

"कोनाले दाखवली?"

"चौघाले. एकानं लिव्हरची स्प्रिंग बदलली. दुसरा म्हने, गिअरचे दात खाल्ले. तिसऱ्यानं तं लिंबू बांधलं जी."

"आन चौथा?"

"चौथा म्हने, विकून टाक."

रुपराव आत वाकला, लिव्हर बघायला. डॅशबोर्डवर हिरव्या रंगाखाली एक वाकडा खिळा होता. त्याला आता देवरावची गुंडाळलेली छत्री लटकत होती.

रुपरावचा हात तिथंच थांबला. त्यानं बोटानं रंग खरवडला. झाळण त्याचीच होती, डाव्या बाजूला जरा जास्त साचलेली.

"काहून, काय झालं जी?"

"काही नाही," रुपराव म्हणाला. "छत्री काढून घ्या. गाडी राहू द्या इथी."

देवराव जाईना. आपली गाडी उघडताना आपण समोर असावं, असा त्याचा नेम होता. मग रुपरावनं त्यालाच चाकावर बसवलं.

काम त्यानं सावकाश केलं. इतकी वर्षं ज्या गाडीखाली जायला तो तडफडत होता ती समोर उभी होती, आणि आता घाई करून चालणार नव्हतं. आधी लिव्हर. टाकला, खटकन बसला. काढला, सुटला. काटा घट्ट. म्हणजे अहवाल खोटा. रुपरावनं दातांवर दात दाबले आणि पुढं गेला.

मग चारही चाकं जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर घेतली. नोकरी गेल्यापासून ही त्याची रीत होती. शेडमध्ये आलेली प्रत्येक जीप तो आधी अशी अधांतरी टांगायचा, मग ती नुसता हॉर्न दुरुस्त करायला का आली असेना.

"सुरू करा. पहिला टाका. आता छोटा लिव्हर."

मागची चाकं गरगर फिरू लागली. रुपराव जमिनीवर आडवा पडून बघत होता. पुढचा लांब शाफ्ट फिरत होता. अगदी त्या संध्याकाळसारखा. पुढची दोन्ही चाकं मात्र जागच्या जागी.

"बंद करा. गिअर तसाच राहू द्या."

शाफ्टपर्यंत जोर येत होता. म्हणजे खोट त्याच्या पुढं, दोन चाकांच्या मधल्या एक्सलमध्ये होती. रुपराव उठला आणि उजव्या चाकाला हात घातला. गाडी गिअरमध्ये असली म्हणजे एक चाक पुढं फिरवलं की दुसरं आपोआप उलटं फिरायला पाहिजे. त्यानं उजवं फिरवलं. जड होतं, आत दात्यांचा गुरगुराट होता. डावं हललं नाही. मग तो पलीकडं गेला आणि डावं चाक नुसतं बोटानं ढकललं. ते फिरतच राहिलं. आवाज नाही, ओढ नाही, जत्रेतल्या पाळण्यासारखं.

"अरे बाप्पा," देवराव म्हणाला. "हे तं एकदम हलकं आहे."

"हलकं नाही. आतून खाली आहे."

त्यानं डाव्या चाकाच्या मधली टोपी ठोकून काढली. तिथं चाकाला फिरवणाऱ्या लोखंडी दांड्याचं टोक दिसायला हवं होतं. नुसतं ग्रीस होतं, घट्ट भरलेलं. रुपरावनं ते बोटानं काढलं. मागं भोक. मग चाक काढलं, हब काढला, आतली नळी काढली आणि बॅटरीचा उजेड टाकला. हातभर दांडा असायला हवा तिथं काळोख होता, आणि काळोखाच्या शेवटी लाकडाचा एक ठोकळा, त्याला तारेची छोटी कडी. एका बाजूला दांडा नसला की इंजिनाचा सगळा जोर त्या रिकाम्या बाजूनं फुकट जातो, आणि दुसरं चाकही फिरत नाही.

आकडा घालून त्यानं ठोकळा ओढला. अकरा-बारा वर्षं फुगून बसलेला ठोकळा यायला तयार नव्हता. आला तेव्हा मागून गिअरचं काळं तेल ओघळलं. दांडा काढल्यावर तेल गळून कोणाला कळू नये म्हणून तो ठोकला होता. लाकूड नीट तासलेलं, वरून ताडपत्रीचा तुकडा गुंडाळलेला आणि तारेनं आवळलेला. ताडपत्रीवर काळ्या शाईच्या शिक्क्याची तीन अक्षरं उरली होती. तो शिक्का रुपरावनं नऊ वर्षं रोज बघितला होता. त्याच्या वर्कशॉपचा.

ताडपत्री सोडवावी म्हणून त्यानं पक्कडीत तारेचा पीळ धरला आणि नेहमीसारखा फिरवला. तार सैल व्हायच्या ऐवजी आवळली. पुन्हा फिरवला. आणखी आवळली.

रुपराव तसाच पक्कड धरून बसला. सगळ्या वर्कशॉपमध्ये उलटा पीळ देणारा एकच माणूस होता. गणपतराव डावखुरा. त्याची तार सोडवायला गेलं की दर वेळी आवळून तुटायची, आणि सगळे मिस्त्री मनातल्या मनात शिव्या द्यायचे. आणि त्याच आखाडात गणपतरावचा साडू भैयाजी ठेकेदार, ज्याची जीप दोन महिने एक्सलचा दांडा तुटून दारात उभी होती, एका सकाळी तीच जीप पळवत बाजारात गेला होता. सुटे भाग मिळायचे नाहीत तेव्हा. लोकांनी विचारलंही होतं, कुठून मिळवला दांडा?

रुपरावला हसू फुटलं. एकटाच हसत बसला, आणि देवराव बिचारा घाबरून म्हणाला, "मिस्त्री, पानी पिता का?"

चार दिवसांनी रुपरावनं कबाड्याकडून जुना पण चांगला दांडा आणून बसवला. शेडच्या मागच्या खाचरात, गुडघाभर चिखलात जीप घातली आणि लिव्हर टाकला. पुढच्या चाकांनी माती धरली, गाडी म्हशीसारखी अंग काढून वर आली. देवरावनं त्याचे दोन्ही हात धरले.

"चौघानं पाह्यली, मिस्त्री. पन चाक हातानं फिरवून पाह्यनारे तुमीच पह्यले."

रुपरावनं हात सोडवून घेतले. ते वाक्य कुठंतरी खुपलं, पण कुठं ते त्याला त्या वेळी बघायचं नव्हतं. त्याला गणपतराव बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठोकळा फडक्यात गुंडाळून निघाला. गणपतराव ओसरीवर बसून पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी नातवाचा लाकडी बैल रंगवत होता. डाव्या हातात ब्रश, शिंगांना लाल रंग.

"ये रुपराव. अकरा वर्सांनी रस्ता सापडला का माह्या घरचा?"

रुपरावनं ठोकळा बैलाशेजारी ठेवला.

गणपतरावनं ठोकळा बघितला. ब्रशचा लाल थेंब फरशीवर पडला.

"अजून आतच होता वाटते," तो हळू म्हणाला.

"तुमीनं ठोकला."

"मीनंच. काढाचाबी होता. म्हून तं कडी ठेवली." त्याचा आवाज साधा होता, कामाबद्दल बोलावं तसा. "भैयाजीची गाडी उभी होती. आपल्या खात्यात नवा दांडा पंधरा दिवसांत येनार होता. आला का बसवून देतो, असं होतं माह्या मनात. तेवढ्यात गाडी मांगतली. मंग गाडी पान्यातून आली तशीच लिलावात गेली."

"तं थांबवाची होती गाडी!"

"कोनत्या तोंडानं थांबवतो? काय सांगतो, दांडा कुठी गेला म्हून?"

"ताराचंद मेला, फोरमन साहेब."

"मले का मालूम नाही? मले का झोप लागते वाटते तुले?"

"लागते," रुपराव म्हणाला. "तुमच्या गालावर दिसते."

गणपतरावनं ब्रश वाटीत ठेवला. आता त्याचा आवाज बदलला.

"बरं. सांगशीन कोनाले? सांग. चौकात उभा राह्यून सांग. पन सांगतांना काय सांगाव लागन, थेबी आयकून घे. पुढच्या चाकात दांडाच नव्हता. मंग रुपराव मिस्त्रीनं काय पाह्यून सही मारली? चाक उचलून फिरवलं असतं तं लहान लेकराच्याबी ध्यानात आलं असतं. आजपरेंत तू म्हनू शकत होता का मीनं बराबर तपासली, मागून बिघडली. हा ठोकळा दाखवला का तुहं थेबी गेलं. माही चोरी आन तुही खोटी सही, दोन्ही एकाच भोकातून निंघाले ना गा."

देवरावचं वाक्य आता बरोबर जागी येऊन बसलं होतं.

"घरी जाय," गणपतराव जवळजवळ मायेनं म्हणाला. "मी नारळ फोडतो, तू दार लाव. इतके दिवस जमलंच ना?"

रुपरावनं ठोकळा उचलला आणि निघाला. घरी आल्यावर त्यानं प्रेमिलाला सगळं सांगितलं, आपलं न तपासणंही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हनजे गोपिकाबाई खरंच बोलत होती का जी? इतके वर्सं?"

"अर्धं खरं."

"मंग मी काहून इतके वर्सं तिच्याशी बोलली नाही?" ती उठून आत गेली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "थे लाकूड विहिरीत टाका. आता कोनालेच काही भेटत नाही त्याच्यातून."

रुपराव दोन दिवस शेडवर गेला नाही. विहिरीजवळ मात्र एकदा जाऊन आला. ठोकळा हातात होता, वजनाला काहीच नव्हता. टाकला असता तर तो आणि गणपतराव दोघंही सुटत होते. हेच त्याच्यानं सहन झालं नाही. स्वतः बुडायला तो आता तयार होता, आपण तपासलं होतं ही अकरा वर्षांची ढाल फेकून द्यायलाही तयार होता. पण गणपतराव कोरड्या काठावर उभा राहून नारळ फोडणार, हे नाही.

गोपिकाबाई लोकांच्या घरची मिरची कुटून द्यायची. तिच्या दारात उखळ होतं आणि दहा पावलांवरून ठसका लागायचा. रुपराव समोर येऊन उभा राहिला तरी तिचं मुसळ थांबलं नाही.

"वहिनी, तुमची आरोळी बराबर होती," तो म्हणाला. "मीनं चाक फिरवून पाह्यलं नव्हतं. शाफ्ट पाह्यला आन सही मारली."

मुसळ वर गेलं ते वरच राहिलं.

"आज सांगून राह्यले?"

"मलेबी आत्ताच मालूम पडलं. म्हनजे, मालूम असन पह्यलेपासून. मीनं पाह्यलं नाही तिकडं."

मग त्यानं फडकं सोडलं. चाकाच्या आत दांडा नव्हता, हा ठोकळा होता, ही ताडपत्री वर्कशॉपची, हा तारेचा पीळ उलटा. उलटा पीळ कोणाच्या हाताचा, हेही सांगितलं. त्या माणसानं परवा ओसरीवर बसून काय म्हटलं, तेही.

गोपिकाबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं. ती रडली नाही. बसल्या जागेवरून तिनं उजवा तळहात उघडला आणि त्याच्याकडं बघत राहिली.

"आन मी इतके वर्सं त्याच्या नारळाचा पह्यला तुकडा खाल्ला," ती म्हणाली. "ह्या हातानं."

मिरचीनं रुपरावला खोकला आला.

"माफी मांगाले आले असान तं उभे राहू नोका."

"नाही. माह्या दारात ओरडाच. दर वर्सी ओरडता तसंच. पन या वर्सी तिथंच थांबू नोका, एवढंच सांगाले आलो."

तिनं ठोकळा हातात घेऊन उलटसुलट केला, परत दिला, आणि मुसळ उचललं.

मारबतीच्या सकाळी रुपरावचं दार उघडं होतं. गल्लीतल्या लोकांना ते आधी कळलंच नाही, मग ताशेवाल्याच्या हातातली काडी चुकली. रुपराव धुतलेला सदरा घालून उंबऱ्यात उभा होता. मागं प्रेमिला.

गोपिकाबाई पुढं आली. त्याच्या तोंडाकडं बघत, नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडली.

"खोटी सही घेऊन जा गे मारबत!"

त्यानं मान खाली घातली नाही. ती संपल्यावर पायरी उतरला आणि तिच्या मागं, बडग्यांच्या पुढं चालू लागला. काहीतरी होणार हे लोकांना समजलं. हसणारी पोरंही गप्प झाली.

चौकात गणपतराव पांढरं धोतर नेसून दगडाजवळ उभा होता. रुपरावकडं त्यानं एक नजर टाकली आणि नारळ आपटला. पहिल्याच घावात फुटला. खोबऱ्याचा तुकडा काढून त्यानं गोपिकाबाईपुढं धरला.

"घे बाई."

"नारळ नोको, फोरमन साहेब," ती म्हणाली. "माह्या मानसाच्या गाडीतला दांडा द्या."

कोणाला काही कळेना. रुपरावनं फडकं सोडून ठोकळा वर धरला आणि सांगायला लागला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्यानं गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. लिव्हर बसतो, शाफ्ट फिरतो, चाक फिरत नाही, का फिरत नाही. गर्दीत वर्कशॉपचा जुना टर्नर विश्वनाथ होता. तो पुढं आला, त्यानं ठोकळा घेतला, दोन बोटांत तारेचं टोक धरून नेहमीच्या बाजूला फिरवलं. तार आवळली आणि तुटली.

"फोरमनचा पीळ आहे," विश्वनाथ म्हणाला. "ह्या पिळानं माही नखं गेली."

"याले पुसा!" गणपतराव ओरडला. त्याच्या डाव्या हातात तो खोबऱ्याचा तुकडा तसाच होता. "याले पुसा, सही कोनाची होती म्हून!"

"माही," रुपराव म्हणाला. "माहीच होती. मीनं पाह्यलं नाही. ताराचंदले दोघांनी मारलं, तुमीनं आन मीनं. माहं नाव अकरा वर्सं झालं गल्लीत ओरडून राह्यले. आता तुमची पाळी आहे."

मग गोपिकाबाईनं दोन्ही हात वर केले.

"चोरीचा दांडा घेऊन जा गे मारबत!"

पहिल्यांदा ती एकटीच ओरडली. दुसऱ्यांदा विश्वनाथ ओरडला. तिसऱ्यांदा बायका, ड्रायव्हर लोक, पोरं, आणि ताशा असा कडाडला की गणपतराव काय म्हणत होता ते त्याच्या शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. तो मागं सरत चौकातल्या आपल्या घरात गेला. दार लावलं. रुपराव त्या बंद दाराकडं बघत उभा राहिला. त्या दारामागं खाटेच्या कडेवर माणूस कसा बसतो, हात कुठं ठेवतो, कुठं बघतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

कोर्टकचेरी झाली नाही. एवढ्या जुन्या गोष्टीत कोण पडतो? नोकरी परत मिळाली नाही. गणपतरावनं पुन्हा नारळ फोडला नाही, इतकंच. ठोकळा रुपरावनं शेडमध्ये खिळ्याला टांगला, आणि जे नवं गिऱ्हाईक विचारायचं त्याला पूर्ण हकीगत सांगायचा, आपली सही धरून.

गोपिकाबाईनं त्याला माफ केलं नाही. प्रेमिलाशी ती बोलू लागली, त्याच्याशी नाही. पुढच्या मारबतीला, त्याच्या पुढच्या मारबतीला, ती त्याच्या दारासमोर थांबून तेवढ्याच जोरात ओरडायची, "खोटी सही घेऊन जा गे मारबत!" रुपराव उघड्या दारात उभा राहून ते पूर्ण ऐकून घ्यायचा. मग वहाणा घालायचा आणि घाईघाईनं तिच्या मागं चौकाकडं निघायचा, गणपतरावच्या दारातली दुसरी आरोळी चुकू नये म्हणून.